कुत्र्यानं धरलेला ससा घरात शिजवावा का?

शाळूची_कणसं
राम राम मंडळी. आमचं रान आटपाडी तालुक्यात, गावापासून लांब, माळाला लागून. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून खालच्या अंगाला डाळिंब आहे, वर अजून कुसळाचं गवत, बोरी-बाभळी आणि एक ओघळ. राखणीसाठी कारवानी जातीची कुत्री पाळलीय, हरणी. रात्री मोकळीच असते. थंडी पडली की पहाटे ससा तोंडात धरून येते आणि सोप्यात आणून टाकते. मागं एकदा तित्तरही आणला होता.

यावरून घरात दोन तट पडलेत. आबा म्हणतात, आपण बंदूक घेतली नाही, फास लावला नाही, जनावरानं जनावर धरलं; आता ते टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान. आई माळकरी, ती त्या दिवशी चुलीकडं फिरकत नाही. माझं मत स्पष्ट आहे, ससा घरात शिजू नये. आमच्या माळावर ससे राहिलेत ते थोडे, आणि ते राहावेत असं मला मनापासून वाटतं. पण आबांपुढं हे बोललो की ते म्हणतात, "तुझ्या वाटणीचं कोंबडं आण मग."

तर जाणकारांनी सांगा. कायदा नेमका काय म्हणतो, असं मटण खाण्यात धोका आहे का, आणि कुत्रीला आवरायचं कसं?

जतचा_पश्मी
आधी कुत्रीचा फोटो टाका, मग पुढचं बोलू. :) पहाटेच्या अंधुक उजेडात ससा गाठणारी कुत्री म्हणजे चेष्टा नाही. मुधोळच्या बाजूची आहे की सांगोल्याकडची?

शाळूची_कणसं
सांगोल्याकडची, पाव्हण्यांनी पिल्लू दिलं होतं. रंग वाळूसारखा, कानावर केस नाहीत, म्हणजे पश्मी (कानावर लांब केस असलेली कारवानी) नव्हे.

म्हसवडकर_नाना
आबांची बाजू मी घेतो, कारण इथं त्यांच्या बाजूनं कुणी बोलणार नाही असं दिसतंय.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पोरं होतो. माणगंगेला नुसती वाळू. आईबाप खडी फोडायला, आम्ही सुकडीच्या (दुष्काळात वाटायच्या खाण्याच्या) रांगेत. त्या वर्षी आमच्या वस्तीवर काळू नावाचा कुत्रा होता, गावठीच, पण पायाला चपळ. त्यानं ससा आणला की चुलत्याच्या घरापर्यंत निरोप जायचा. कातडं सोलून, पोट साफ करून, मांडी-पाठ वेगळी. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, काळं तिखट, आणि रस्सा मुद्दाम पातळ, कारण खाणारी तोंडं जास्त. मटणाचा तुकडा पोरांना, मोठ्यांना रश्श्यात भाकरी कुस्करून. सशाला चरबी नसते, त्यामुळं तेल सढळ लागायचं, आणि तेलच तर नसायचं. मग आई वाटणात शेंगदाणा घालायची.

हे ज्यानं खाल्लंय त्याला "टाकून द्या" म्हणणं सोपं नाही. आणि माळावरचे ससे काय कुत्र्यांनी संपवले? गायरानं फोडली कुणी? जेसीबी लावून बांध सपाट कुणी केले? ढेकळागणिक तणनाशक कुणी मारलं? त्याचा हिशेब आधी मांडा, मग आबांच्या ताटाकडं बघा.

रानवाटा_सातारा
नाना, गायरानांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा पट्टा मुळात गवताळ माळांचा. लांडगा, खोकड, चिंकारा, ससा, चंडोल, तित्तर ही त्या माळाची मूळ वस्ती. सरकारी कागदांत बऱ्याच ठिकाणी तो पडीक म्हणून लागला आणि तिथूनच त्याची वाट लागली. एकीकडं पाणी आलं, त्याचा आनंदच आहे, पण पाणी आलं म्हणून ओघळाकाठची झुडपंही गेली.

पण म्हणूनच जे उरलंय त्याला जपायला हवं, असं मी म्हणेन. आपला रानससा बिळात राहत नाही. गवतात नाहीतर झुडपाच्या बुडाला अंगापुरती खोलगट जागा करतो आणि दिवसभर तिथं दबून बसतो. पळणं आणि दबणं, दोनच हत्यारं. मानेवर काळा डाग असतो, तो खूण म्हणून लक्षात ठेवा. मादीला एका वेळी एक ते चार पिल्लं होतात. आडोसा दाट असेल तर कुत्र्याला ती सहजी सापडत नाहीत. आडोसा गेला की कारवानीसारख्या कुत्र्यापुढं त्यांचा निभाव लागत नाही. म्हणजे जेसीबी आणि कुत्रं दोघं मिळून काम करतात, एकट्याचा दोष नाही.

शिवाय त्या सशावर आणखी किती जण जगतात. लांडगा, खोकड, शृंगी घुबड, मोरघार. यांना डाळिंब खाऊन भागत नाही.

वकिली_सांगली
कायद्याचं सांगतो, जमेल तेवढं सोपं करून.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. नानांनी ज्या दुष्काळाचं सांगितलं त्याच वर्षी सप्टेंबरात हा कायदा झाला. कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी. शिकार म्हणजे काय हे कलम २(१६) मध्ये दिलंय, आणि तिथं फक्त मारणं नाही. पकडणं, फास लावणं, हाकारा घालणं, आमिष दाखवणं, कुत्री सोडून पाठलाग करवणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारीत येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर रानससा अनुसूची २ मध्ये, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. घोरपड आणि मोर अनुसूची १ मध्ये, तिथं शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. सशाच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्याच्या हद्दीत केलं तर तिथंही सात वर्षांचा नियम लागतो, म्हणजे सागरेश्वर किंवा चांदोलीच्या कडेला राहणाऱ्यांनी जास्तच जपावं.

आता आबांचा मुद्दा, की कुत्र्यानं आपल्या मनानं धरलं. समजा न्यायालयाला ते पटलं. तरी कलम ३९ आहे. मेलेलं सापडलेलं, चुकून मारलं गेलेलं वन्य जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता. ते ज्याच्या ताब्यात येईल त्यानं ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवायचं असतं. शिजवलं की ती वाट बंद होते. आणि कलम ५७ प्रमाणे मटण ताब्यात सापडलं तर ते बेकायदा नाही हे ताबेदारानं सिद्ध करायचं. म्हणजे धरणारं कुत्रं असलं तरी पातेलं माणसाचंच आहे.

मिरजेचा_पाहुणा
वकीलसाहेब, मग हरणीला पण जामीन घ्यावा लागेल का? :D

वकिली_सांगली
हरणीवर गुन्हा होत नाही, मालकावर होतो. पण शिकारीत वापरलेली हत्यारं, सापळे, गाडी जप्त होऊ शकते. रात्री दुचाकीवरून बत्ती मारत फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मोबाईलवर सशासोबत फोटो काढून स्टेटसला ठेवणारे तर पुरावा स्वतःच्या हातानं देतात.

म्हसवडकर_नाना
बत्तीवाल्यांचं समर्थन मी कधीच केलेलं नाही. सशाच्या डोळ्यावर उजेड पडला की तो जागेवर थिजतो, मग काठीनं मारायचा. त्यात ना कुत्र्याचं कसब ना माणसाचं. सुट्टीला आलेली पोरं गाड्या घेऊन येतात, भरल्या पोटानं मारतात आणि अर्धं टाकून जातात. त्यांना धराच.

पण वस्तीवरच्या म्हाताऱ्याला आणि त्यांना एकाच तराजूत घालू नका, एवढंच माझं मागणं.

पशुवैद्य_खानापूर
धोक्याचं मी सांगतो. या भागात बरीच वर्षं जनावरं तपासतोय.

पहिलं, विष. आपल्याकडं उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड लावतात, द्राक्ष-डाळिंबावर फवारण्या असतात. सशानं फवारलेला पाला खाल्ला, तो सुस्त झाला, आणि सुस्त झाला म्हणून कुत्र्याला सापडला, असं होऊ शकतं. कुत्र्यानं धरलेलं जनावर निरोगी होतं की आधीच आजारी, हे मेल्यावर वरून बघून कळत नाही. माझी यात खरी भीती ही आहे, आणि शिजवल्यानं प्रत्येक विष जात नाही.

दुसरं, जंत. सशाच्या पोटात कधी कधी पाण्यानं भरलेल्या पारदर्शक लहान गोळ्या दिसतात, आतड्याच्या पडद्याला, काळजाला लागून. त्या पट्टकृमीच्या पिशव्या. साफ करताना लोक आतडी कुत्र्यापुढं टाकतात. कुत्र्याच्या पोटात त्याच पिशवीतून पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, गवतावरून पुन्हा सशात. हा विशिष्ट कृमी माणसाला होत नाही, पण कुत्रं खंगतं. शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्या-फुप्फुसातून कुत्र्याला होणारा दुसरा एक पट्टकृमी मात्र माणसाच्या काळजात आणि फुप्फुसात गाठी करतो. म्हणून कुठल्याही जनावराचं कच्चं कोथळं कुत्र्याला घालू नका, ससा असो की बोकड.

तिसरं, सोलणाऱ्याचे हात. कुत्र्याच्या दातांनी जिथं भोकं पडली तिथं त्याच्या तोंडातले जंतू मांसात गेलेले असतात. हाताला जखम असताना, हातमोजे न घालता सोलू नये. गोचिडी थंड पडलेलं अंग सोडून माणसावर चढतात तेही बघावं.

आणि कुत्र्याला पिसाळीची लस दरवर्षी. ससा राहू द्या, रात्री मोकळं कुत्रं खोकड, कोल्हा, मुंगूस यांच्याशी भिडतं, आणि पिसाळलेला कोल्हा ओळखायला आपण तिथं नसतो.

कृष्णाकाठची
सगळे कायदा आणि जंत बोलताय, मी घरातलं बोलते.

माझं माहेर कवठेमहांकाळकडचं. आमच्याकडं रानातलं काही आलं तर ते घरात येत नसे. परसात तीन दगडांची चूल, त्याची भांडी वेगळी, ती गोठ्यातल्या आढ्याला टांगलेली. रांधायचे पुरुष. आज्जी म्हणायची, ज्यानं आणलं त्यानं शिजवावं आणि भांडं घासून ठेवावं. सासरी आल्यावर बघितलं तर शिकार पुरुषांची, खाणं सगळ्यांचं, आणि सोलण्यापासून घासण्यापर्यंत बायका. गरोदर बाईनंही तेच करायचं. डॉक्टरांनी वर सांगितलेलं वाचून मला ते आठवलं, कारण त्या हातांना मोजे कुणी दिले नव्हते.

ज्यांच्या आईनं माळ घातलीय, त्या घरात तरी तिच्या चुलीवर हे होऊ नये. आबांना तिथूनच सांगा.

पशुवैद्य_खानापूर
ताई, फार महत्त्वाचं बोललात. गरोदर स्त्रियांनी कच्चं रानमांस अजिबात हाताळू नये. त्यातून होणारे काही संसर्ग आईला जाणवतही नाहीत, पोटातल्या बाळाला मात्र बाधतात.

घाटमाथा_पाटण
इकडं पाटण बाजूला सशापेक्षा डुकरांचा जाच. भात, भुईमूग, ऊस काही ठेवत नाहीत. रात्रभर मचाणावर बसून डबे वाजवायचे. कुत्र्यांनी डुकराचं पिल्लू धरलं तर ते पण सरकारचं म्हणायचं का? आमच्या पिकाची भरपाई मागायला गेलं की किती हेलपाटे होतात ते आम्हालाच माहीत.

वकिली_सांगली
हो, तेही सरकारचंच. पण डुकराच्या बाबतीत वाट आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनअधिकारी मारायची परवानगी देऊ शकतात. अर्ज वनक्षेत्रपालाकडं, सोबत सात-बारा आणि नुकसानीचे फोटो जोडा. परवानगी मारण्याची असते, खाण्याची नसते.

घाटमाथा_पाटण
अर्ज करतो. पण एक सांगू द्या, कारण धागा कुत्र्यांचा आहे. डुकरांसाठी लोक क्लचच्या तारेचे फास लावतात, कुंपणात चोरून करंट सोडतात, पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब घालून ठेवतात. आमचा राजा रात्री मोकळा असायचा. तारेच्या फासात कमरेत अडकला. सकाळी शोधत गेलो तेव्हा तार कातड्यात गेली होती. फास कुणाचा ते कळलं, भांडणही झालं, पण कुत्रं गेलं ते गेलं. ज्यांचं कुत्रं रात्री ससे धरतंय, ते कुत्रं रात्री कुठं कुठं हिंडतंय याचा विचार करा. शिवाय इकडं उसात बिबट्या आहे, तो कुत्र्यासाठीच वस्तीवर येतो.

धनगरवाडा
मी बिरोबाच्या आरेवाडीकडचा. आमच्याकडं मेंढरं आहेत, पावसाळा सरला की खाली उतरतो. मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो म्हणून आजवर नुसतं वाचत होतो.

मेंढरामागच्या कुत्र्यानं ससा धरला तर माझा आज्जा त्याला शाबासकी देत नसे. उलट त्या दिवशी त्याला वाघरीला, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीला, बांधून ठेवायचा. कारण सरळ आहे. कुत्रं सशामागं गेलं म्हणजे मेंढराजवळ नव्हतं. लांडगा एकटा येत नाही. एक लांबून दिसतो, कुत्रं त्याच्यामागं पळतं, दुसरा दुसऱ्या अंगानं कोकरू उचलतो. राखणीचं कुत्रं ते, ज्याला समोरून ससा गेला तरी जागा सोडवत नाही. असली कुत्री आमच्यात मागून नेतात. ससे धरणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आबांना विचारा, हरणी पहाटे माळावर असते तेव्हा डाळिंबाजवळ कोण असतं?

दुसरं, कुत्र्याला आपण शिकवतो. त्यानं आणलं, घरात आनंद झाला, त्याला हाड मिळालं, की ते उद्या परत जाणार. आमच्यात आणलेला ससा कुत्र्यापुढं कधी टाकत नाहीत. तोंडातून काढून घ्यायचा, काही बोलायचं नाही, आणि ते बघत नसताना पुरून टाकायचा. माझ्या अनुभवात दोन-तीन खेपा असं झालं की त्याची हौस कमी होते. सगळ्यांची जात नाही, पण कमी होते.

रानवाटा_सातारा
वा! या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद.

जतचा_पश्मी
धनगरवाडा दादांचं पटलं, पण एक फरक आहे. मेंढरामागचं कुत्रं वेगळं, कारवानी वेगळं. कारवानी वासावर नाही, नजरेवर चालतं. काहीतरी हललं की ते सुटलंच. पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच निपजलेलं जनावर आहे, मुधोळच्या घोरपडे राजांनी याच जातीला नाव मिळवून दिलं. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाऊंड आहे. त्याला नुसतं बांधून ठेवणं हा पण अन्याय. ते चिडखोर होतं, अंगण उकरतं, रात्रभर रडतं.

त्याला पळू द्या, पण सशामागं नको. मी लांब दोरीला कापडाची बाहुली बांधतो, दुचाकीमागं लावून मोकळ्या वावरात पळवतो. सकाळी उन्हं वर यायच्या आत. एवढं पळाल्यावर दिवसभर शांत झोपतो. जत्रेतल्या श्वान शर्यतीत पळणारी कुत्रीही अशीच तयार करतात. जिवंत ससा दाखवून तयार करणारेही आहेत, त्यांच्याशी मी संबंध ठेवत नाही.

पळण्याआधी हाक मारल्यावर येणं शिकवा. पिल्लू असल्यापासून शिट्टी आणि खाणं यांची सांगड घालायची. मोठ्या कुत्रीलाही जमतं, वेळ जास्त लागतो.

मिरजेचा_पाहुणा
एक शंका. पाळीव ससे विकत मिळतात, पांढरे मोठे. ते खाल्ले तर चालतं ना? आणि सशाचं मटण गरम असतं, दम्यावर चांगलं, असं आमचे मामा सांगतात. ते खरं का?

पशुवैद्य_खानापूर
पाळीव ससा हे वेगळंच जनावर. न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला वगैरे जाती मूळच्या युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशापासून आल्या. पिल्लं जन्मतात ती बिनकेसांची, डोळे मिटलेली. आपल्या रानसशाची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच येतात. दोघांचा संकर होत नाही. पाळीव सशाला वन्यजीव कायदा लागत नाही. मटण कमी चरबीचं, पचायला हलकं.

दम्यावर उपयोग होत नाही. मामांना म्हणावं, श्वासाचं औषध वेळेवर घ्या.

कृष्णाकाठची
पिल्लांवरून आठवलं. शाळू काढताना ताटांच्या बुडाला सशाची पिल्लं सापडतात, मुलं उचलून घरी आणतात, गाईचं दूध पाजतात आणि दोन दिवसांत ती मरतात. दरवर्षी हेच बघते. काय करायला हवं?

रानवाटा_सातारा
आहे तिथंच ठेवा. आई दिवसा पिल्लांजवळ थांबत नाही, थांबली तर शत्रूला जागा कळेल. अंधार पडल्यावर येऊन थोडाच वेळ पाजून जाते. त्यामुळं एकटं दिसलेलं पिल्लू पोरकं असतंच असं नाही. कापणी चालू असेल तर हातभर गवत घेऊन त्यासकट उचला, बांधाच्या कडेला जवळच ठेवा आणि तिथं चार ओळी उभ्या राहू द्या. गाईचं दूध अजिबात नको. कुत्र्यापासून मुलांनी सोडवलेलं असेल तर खोक्यात फडकं अंथरून, झाकण लावून, अंधारात आणि शांत जागी ठेवा, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा. वरून जखम दिसली नाही तरी नुसत्या धास्तीनं ससा नंतर दगावतो, म्हणून हातात घेऊन फोटो काढत बसू नये.

म्हसवडकर_नाना
ही चार ओळी उभ्या ठेवायची गोष्ट मला आवडली. पूर्वी पाखरांसाठी ठेवायचेच. मी आमच्या वाटेकऱ्याला सांगतो.

कुत्र्याच्या सशाबद्दल माझं मत मात्र अजून तेच. कायदा पाळावा, मी पाळतो, पण ज्या माणसानं दुष्काळ काढलाय त्याला ताटातलं अन्न मातीत पुरताना त्रास होणार, आणि तो त्रास समजून घेऊनच त्याच्याशी बोलावं. "पाप" आणि "गुन्हा" हे शब्द घरात वापरले की बोलणं संपतं.

शाळूची_कणसं
नाना, तुमचा पहिला प्रतिसाद मी आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. शेंगदाण्याच्या वाटणापाशी ते थांबवून म्हणाले, "हा माणूस खरा त्या सालातला आहे." मग तासभर तेच बोलत होते. खडीच्या कामाचं, सुकडीचं, गुरं छावणीला सोडल्याचं. हे सगळं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग धनगरवाडा दादांचा प्रश्न विचारला. डाळिंबाजवळ कोण असतं? आबा गप्प झाले. दोन वर्षांमागं ठिबकच्या नळ्या आणि मोटारीची केबल चोरीला गेली होती, तेव्हा हरणी कुठं होती हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "तिला रात्री बागेत बांध." कायद्याचंही सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं ते राखणीचं.

यापुढं ससा आणला तर वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं वनरक्षकाला कळवायचं असं ठरलंय. तोवर कुत्रीपासून लांब, झाकून ठेवायचा, सोलायचा नाही. आबा लोढणं (गळ्यात अडकवायचा ओंडका) करू म्हणतात, बाभळीचं लाकूड तासायलाही घेतलंय. कारवानीला लोढणं चालेल का?

धनगरवाडा
आमच्या जाडजूड कुत्र्यांना चालतं. तुमच्या कुत्रीला नको. तिचे पाय लांब आणि बारीक, पळायला गेली की लाकूड नडगीवर आपटून हाड मोडंल.

जतचा_पश्मी
लोढणं अजिबात नको. बागेच्या एका कडेनं दोन खांबांमध्ये जाड तार ताणा, माणसाच्या डोक्याच्या वर. तारेत लोखंडी कडी ओवून त्या कडीला साखळी लावा. कुत्री तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडते, भुंकते, राखण होते, आणि माळावर जाता येत नाही. दोन्ही खांबांच्या अलीकडं तारेला गाठ मारा, म्हणजे साखळी खांबाला गुंडाळणार नाही. गळ्याला रुंद चामडी पट्टा, कारवानीचं डोकं अरुंद असतं, साधा पट्टा निसटतो. मध्यावर सावली आणि पाणी. आणि पहाटे सोडून रोज तासभर पळवायचंच, बाहुलीमागं.

पशुवैद्य_खानापूर
तार लावायच्या आधी जंताची गोळी द्या. आजवर तिनं आतडी खाल्लेली आहेत हे गृहीत धरा. गोळीत प्राझिक्वांटेल आहे का ते पाकिटावर बघून घ्या, नुसत्या साध्या जंताच्या औषधानं पट्टकृमी जात नाही. मग दर तीन महिन्यांनी. बिबट्याचा वावर असलेल्या गावात मात्र उघड्यावर तारेला बांधू नका, तिथं रात्री जाळीची खोलीच हवी.

घाटमाथा_पाटण
जाळी वरूनही बंद पाहिजे. आमच्या शेजाऱ्यांनी बाजूनं केली, वरून उघडी ठेवली, आणि बिबट्या वरून आला.

शाळूची_कणसं
आमच्याकडं अजून बिबट्या ऐकला नाही, पण खोली करून घेतो, पत्रा शिल्लक आहे. तार रविवारी ओढतोय. जतचा_पश्मी, तार किती जाडीची घेतलीत ते तेवढं कळवा, आणि फोटो टाकतोच.

जतचा_पश्मी
द्राक्षाच्या मांडवाची तार जुन्या बागेची कुठंही मिळेल, तीच दुहेरी पिळून घ्या. कवठेमहांकाळ, तासगावात बागा काढणाऱ्यांकडं पडून असते. फोटो विसरू नका.